दहावी २०२१ : परीक्षा रद्द झाली ते बरोबरच, पण गुण कशावर दिले?

शाहूपुरीची आई
माझी मुलगी २०२१ च्या दहावीची. आता कॉलेजात कॅम्पस भरती सुरू झालीय आणि दहावीपासून सगळीकडं ६० टक्के पाहिजेत अशी अट आहे. बारावीला तिला ७४ आहेत, दहावीला ५८. नाव यादीतच नाही.

परीक्षा रद्द केली याबद्दल तक्रार नाही. त्या मे-जूनमध्ये आमच्या गल्लीत बेडसाठी नुसती फोनाफोनी चालली होती, पोरांना केंद्रावर कोण पाठवणार? पण १०० पैकी ५० गुण नववीच्या निकालावर धरले. नववीची दुसऱ्या सत्राची परीक्षा तर एप्रिल २०२० मध्ये सरकारनंच रद्द केली होती. म्हणजे मुख्य आधार उरला २०१९ च्या सहामाहीचा. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कुंभार गल्लीत काय झालं होतं ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. पाणी उतरल्यावर विज्ञानाच्या वहीची पानं एकमेकांना चिकटलेली, एकेक सोडवून गच्चीवर वाळत घातली, शाई सगळी पसरलेली. त्यावर दिलेली सहामाही दहावीत मोजली जाईल हे लेकराला कुणी सांगितलं होतं का?

अजून कुणाच्या मुलांची अशी अडवणूक झालीय का?

गारगोटीचे मास्तर
ताई, उरलेल्या ५० ची गतही तीच. ३० अंतर्गत लेखीचे, २० तोंडी-प्रात्यक्षिकाचे, सगळे शाळेच्या हातात. एका मोबाईलवर तीन भावंडं, पाटगावकडची पोरं रेंजसाठी टेकडीवर. कुठं हात सैल, कुठं आखडता. राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला, पण पास होणं आणि खरे गुण मिळणं वेगळं. २०२२ ची पद्धत मला रास्त वाटते : अभ्यासक्रम २५ टक्के कमी, मोठ्या पेपरला अर्धा तास जादा, केंद्र आपल्याच शाळेत. आणि काय येणार हे पोरांना आधी माहीत होतं.

कागलकर
मी त्याच बॅचचा. अकरावीच्या प्रवेशासाठी २१ ऑगस्टला सीईटी म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षा होती, १०० गुणांची. अभ्यास चालू होता, तोवर १० ऑगस्टला हायकोर्टानं ती रद्द केली. वाईट वाटलं, पण पेपर राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर होता. आयसीएसईसारख्या दुसऱ्या बोर्डाच्या मुलांनी काय करायचं होतं?

उद्यमनगर
मी भरतीचं काम बघतो. काकी, कंपनीकडं थेट जाऊ नका. कॉलेजच्या प्लेसमेंट अधिकाऱ्यांकडून सवलतीचं पत्र मागवा. त्यात बारावीचा मुद्दा आधी घ्या. २०२३ ची बारावी नेहमीसारखी लेखी परीक्षा होती.

शाहूपुरीची आई
धन्यवाद दादा. मास्तर म्हणतात तेच माझं म्हणणं : काय मोजणार ते आधी सांगा, मग मोजा. मला दया नको, लेकीला मुलाखतीला बसू द्या एवढंच. पत्रात एप्रिल २०२० चा निर्णय आणि ५०-३०-२० ची विभागणी घालतेय. त्याच बॅचचे आणखी कुणी अडकले असाल तर इथं लिहा, एकत्र अर्ज देऊ.