मदत हवी आहे: शे इंजिनाच्या मॉडेलचा शाफ्ट वळणावर अडकतो

मंडळी, तैवानच्या अलिशान जंगल रेल्वेवरच्या २८ टनी शे या वाफेच्या इंजिनाचं चालतं मॉडेल पितळेत करतोय. लाकूड वाहणाऱ्या, कच्च्या, चढावाच्या नि वळणावळणाच्या रुळांसाठी अमेरिकेत एफ्रेम शे यांनी काढलेलं हे इंजिन. तीनही सिलिंडर उजव्या अंगाला उभे, म्हणून तोल साधायला बॉयलर डावीकडे सरकवलेला. समोरून पाहिलं की चक्क वाकडं दिसतं, आणि मला तेच आवडतं! उजव्या बाजूने लांबलचक शाफ्ट जातो, त्यावरचे बेव्हल गिअर (काटकोनात फिरवणारी तिरक्या दात्यांची चक्रं) सगळी चाकं फिरवतात.

घोडं अडलंय तिथेच. वळणावर बोगी (म्हणजे डबा नव्हे, इंजिनाखालची चाकांची फिरती चौकट) फिरली की शाफ्टची लांबी कमी-जास्त व्हायला हवी. मूळ इंजिनात युनिव्हर्सल जॉइंटसोबत (कोनात वळूनही फिरणारा सांधा) चौकोनी नळीत सरकणारा चौकोनी दांडा असतो. माझा ३ मिमीचा दांडा सरळ रुळावर लोण्यासारखा सरकतो, पण वळणावर जोर आला की नळीत आवळून बसतो.

ढिलाई किती ठेवावी? पितळेऐवजी स्टीलचा दांडा चालेल का? आणि पुण्यात बारीक चौकोनी पितळी नळी कुठे मिळेल? बोहरी आळीत मला गोलच मिळाली. ‘थ्रीडी प्रिंट कर’ एवढं मात्र सांगू नका, प्लीज.