मंगळाचे वरून काढलेले फोटो बघून 'इथं नदी होती' म्हणणं घाईचं नाही का?

दुधनाकाठ
रात्री झोप येईना म्हणून मंगळाचे फोटो बघत बसलो, ते मार्स रिकनेसन्स ऑर्बिटरचे, म्हणजे मंगळाभोवती फिरणाऱ्या नासाच्या यानाचे, त्याच्यावरच्या हायराईज कॅमेऱ्याचे. ३०० किलोमीटर वरून काढलेत आन् फोटोतला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा २५-३० सेंटिमीटर, म्हणजे तिथं कुणी बाज टाकली असती तर बाज दिसली असती. बघता बघता एक फोटो असा आला की वाटलं हे तर आपलं परतूरकडचं रान, मे महिन्यातलं. नाले, ओघळी, कडंनं खचलेली माती, फक्त बाभळी नाहीत.

खाली लिहिलेलं, पाण्यानं झालं असावं. इथंच माझी गाडी अडकती.

मी पाणलोटाच्या कामावर आहे, दिवसभर सॅटेलाईट नकाशावर नाले अन् बांध आखायचे. म्हणून अनुभवानं सांगायलो. तीन वर्षांमागं आमच्याच रानात नकाशावर एक सरळ काळी रेघ दिसली, तिच्या कडंकडंनं हिरवी झाडं. सगळे म्हणले भेग हाय, पाणी लागणार म्हणजे लागणार. नारळ फोडला, साडेचारशे फूट गेलो, नुसता धुरळा. नंतर कळलं की ती भेग नव्हतीच, डाईक होता, म्हणजे जमिनीत उभी घुसलेली काळ्या दगडाची भिंत. रेघ खरी होती, अर्थ खोटा निघाला. पैसे अजून फेडायलो.

आता मंगळाचं बघा. २०११ ला तिथल्या उतारांवर उन्हाळ्यात लांबत जाणाऱ्या काळपट रेघा दिसल्याचं आलं, २०१५ ला तिथं पाणी धरून असलेले क्षार सापडले असं जाहीर झालं, पेपरात 'मंगळावर वाहतं पाणी', आमच्या पोरानं शाळेत भाषण ठोकलं. २०१७ ला म्हणले की बहुतेक कोरडी वाळू घसरती. म्हणजे ह्यांचा पण धुरळाच की. माझं म्हणणं एवढंच, वरून आकार दिसतो, कारण दिसत नाही. पटत नसंल तर बोला.

बेसॉल्टमास्तर, नांदेड
भाऊ, बोअरचं दुःख समजतं पण तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एका पोत्यात भरल्यात. उतारावरच्या त्या रेघा म्हणजे जास्तीत जास्त पाच मीटर रुंदीच्या, आजच्या काळातल्या. आणि नद्यांची खोरी म्हणजे शेकडो किलोमीटरची, साडेतीन अब्ज वर्षांपूर्वीची. एक वाद फसला म्हणून दुसरा खोटा होत नाही.

१९७१ ला मरिनर ९ हे यान तिथं पोचलं तेव्हा अख्ख्या ग्रहावर धुळीचं वादळ चालू, काहीच दिसेना. धूळ बसल्यावर आधी ज्वालामुखींची डोकी दिसली आणि मग ह्या खोऱ्या, फांद्या फुटलेल्या, लहान ओढा मोठ्याला मिळतोय, तो अजून मोठ्याला. लाव्हा पण वाहतो, वारा पण कोरतो, पण असं झाडासारखं जाळं ते करत नाहीत. आणि जेझेरो विवरात तर नदी जिथं तळ्यात शिरली तिथं पंख्यासारखा गाळ पसरलेला वरूनच दिसत होता. १८ फेब्रुवारी २०२१ ला पर्सिव्हरन्स हे रोव्हर, म्हणजे चाकांवर फिरणारं यान, तिथं उतरलं आणि कोडियाक नावाच्या टेकाडाच्या कड्यावर तिरके थर दिसले, तळ्यात नदी गाळ टाकते तेव्हा होतात तसेच. वरून जे सांगितलं ते खाली खरं निघालं. क्युरिऑसिटी रोव्हरनं तर २०१२ मध्येच गेल विवरात गोल गुळगुळीत गोटे दाखवलेत, पाणी घोट्यापासून कमरेपर्यंत असावं असा अंदाज होता. आपल्या ओढ्याएवढं.

मोंढानाका
आमच्याकडं मंगळ फक्त पत्रिकेत बघतेत. तिथं पण वरूनच अर्थ काढतेत आन् खाली धुरळा निघतो 😄

दुधनाकाठ
@बेसॉल्टमास्तर सर, जेझेरो तुम्ही सांगितलं, गुसेव्ह कामून सांगितलं नाही? तिथं पण असंच होतं. माअदिम नावाची ७०० किलोमीटरच्या आसपास लांब खोरी, म्हणजे गोदावरीच्या निम्म्याएवढी, वरून येऊन थेट गुसेव्ह विवरात घुसती. फोटो बघून म्हणले हे तळं असणार, खाली गाळ असणार. जानेवारी २००४ मध्ये स्पिरिट रोव्हर तिथं उतरवला. आणि काय निघालं? बेसॉल्ट. काळा दगड, लाव्हाचा! कोट्यवधी किलोमीटर गेले अन् आमच्या शेतातलाच दगड घेऊन बसले. पास झालेलीच पोरं पुढं उभी करता तुम्ही, नापास झालेली मागं.

बेसॉल्टमास्तर, नांदेड
हे बरं काढलंत. पण गुसेव्हमध्ये फोटो चुकला नव्हता हो. खोरी खरी आहे, पाणी आत आलंच असणार. झालं असं की नंतर लाव्हा वाहून आला आणि त्यानं सगळं झाकून टाकलं. हे मराठवाड्यातल्या माणसाला सांगायची गरज पडावी का? आपण राहतोच लाव्हाच्या थरांवर, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या. विहीर खोदताना आधी काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग पाषाण, आणि दोन लाव्हांच्या मधी कुठंकुठं लाल मातीचा पट्टा लागतो. ती त्या काळची जमीन, खाली दबलेली. वरून फोटो काढला तर काळं रानच दिसणार, लाल पट्टा नाही दिसणार. म्हणून तो नाही का?

आणि स्पिरिटची गोष्ट तुम्ही अर्ध्यात सोडली. त्याचं पुढचं एक चाक बंद पडलं, ते फरफटत चालायला लागला, नांगरासारखं माती उकरत. २००७ मध्ये त्या उकरलेल्या तासातून पांढरी फटक सिलिका निघाली, गरम पाण्यानं नाहीतर वाफेनं होणारी. गुसेव्हमधल्याच टेकड्यांमधी होतं पाणी.

दुधनाकाठ
म्हणजे उकरल्यावरच कळलं ना. मी हेच तर म्हणायलो.

गच्चीवरून
मला वाटतं तुम्ही दोघंही फोटो म्हणजे काय हेच सोडून भांडताय. मी शाळेत शिकवते, मुलांना हे फोटो दाखवते, आणि दर वर्षी निम्मी मुलं खड्ड्याला टेकडी म्हणतात. त्यात त्यांची चूक नाही, आपल्या डोळ्याला उजेड वरून पडायची सवय आहे, आणि हे ऑर्बिटर जातं तिथल्या दुपारी तीनच्या सुमारास, ऊन एका बाजूनं. मोबाईल उलटा धरला की टेकडीचा खड्डा होतो, करून बघा. दुसरं म्हणजे रंग. ते निळे-हिरवे पट्टे बघून पालक विचारतात पाणी आहे का, तर ते रंग वाढवून दाखवलेले असतात, दगडादगडातला फरक कळावा म्हणून. निळी दिसते ती बहुतेक वेळा काळपट वाळू, आपल्या बेसॉल्टच्या चुऱ्यासारखी.

म्हणून माझं मत दुधनाकाठ दादांच्या बाजूनं, पण कारण वेगळं. फोटो काढणारे लबाड नाहीत, फोटो फॉरवर्ड करणारे उतावळे आहेत. खाली 'रंग बदललेले' असं लिहिलेलं असतं, तेवढंच कापून पाठवतात.

बाय द वे आपल्या लोणारचं उदाहरण कुणीच दिलं नाही?

वाशीमकर
लोणार "आपलं" कधीपासून? बुलढाण्यात आहे, विदर्भात. वेरूळ, अजिंठा, पैठण सगळं तुमच्याकडं, एक खड्डा तर राहू द्या 😂

गच्चीवरून
मंठ्यावरून गाडीनं तासाभरात पोचतो, आमचंच. बरं, मुद्दा असा की लोणार १.८ किलोमीटरचं गोल विवर, आकार तर डोळ्यासमोर होता, तरी कितीतरी वर्षं ज्वालामुखीचंच म्हणत होते, कारण आजूबाजूला सगळा लाव्हा. तळात ड्रिल मारून नमुने काढले, त्यात आघातानं काचेसारखे झालेले खनिजाचे कण सापडले, तेव्हा १९७३ च्या अभ्यासातून उल्केचं म्हणून पक्कं झालं. म्हणजे लोणारलासुद्धा बोअरच मारावं लागलं.

दुधनाकाठ
ताई, जिंकलो मी 🙏 आमच्या बोअरपेक्षा त्यांचं बोअर बेस लागलं.

ढीगवाला
एवढ्यात नका जिंकू. मी मोंढ्यात असतो, अडतीवर, शिक्षण बीएस्सी, म्हणून थोडं बोलतो, लांबलं तर माफ करा.

तुम्ही सगळे एक फोटो, एक फोटो करायलात. तिथं एक फोटो नाही, २००६ पासून त्याच त्याच जागेचे परत परत फोटो चालूयत, आणि ताई म्हणल्या तसं ऊन तेच, वेळ तीच, मग कशात काय बदललं ते लगेच कळतं. वाळूच्या टेकड्या सरकताना दिसल्यात. ओघळींचं घ्या, २००० साली त्या पहिल्यांदा नीट दिसल्या तेव्हा म्हणले पाण्याच्या. नंतर वर्षानुवर्षं फोटो लावून बघितले तर नव्या ओघळी पडतात थंडीत, जेव्हा तिथं कार्बन डायऑक्साईडचा बर्फ जमतो तेव्हा, पाणी वितळायच्या दिवसात नाही. म्हणून आता म्हणतेत की तो कोरडा बर्फ उडून जाताना माती घसरती. ही चूक कुणी पकडली? खाली जाऊन उकरून नाही, त्याच वरच्या कॅमेऱ्यानं पकडली. दक्षिण ध्रुवावरच्या त्या कोळी किड्यासारख्या खुणा पण तशाच, वसंतात बर्फाखाली गॅस कोंडतो आन् धूळ घेऊन फुटतो. आपल्याकडं असलं काही घडतच नाही, तरी वरून फोटो लावून लावून उमगलं की.

आन् तुमच्या त्या २०१७ च्या रेघा. कोरडी वाळू आहे हे कशावरून ठरलं माहितीय? दोन बाजूंनी काढलेल्या फोटोंवरून उंची मोजली, दोन डोळ्यांनी बघितल्यासारखं. रेघा फक्त जास्त चढाच्या उतारावर दिसतात आणि साधारण २७ अंशाच्या आसपास उतार आला की थांबतात. पाणी असतं तर खाली सपाटीपर्यंत गेलं असतं, पाणी कुठं अंश बघतं? सोयाबीनचा ढीग ओता, तो एका ठराविक उताराला येऊन बसतो, वरून अजून पोतं ओतलं तर दाणे घरंगळतात आन् परत त्याच उताराला थांबतात. रोज बघतो मी. तर तुम्ही जी 'फोटोची फजिती' म्हणून सांगितली, ती फजिती फोटोनंच दुरुस्त केली.

दुधनाकाठ
हे मात्र चांगलं सांगितलं, ढिगाचं डोक्यात बसलं. मानलं, परत परत बघितलं तर वरूनही कारण कळू शकतं, निदान जे आजही हलतंय त्याचं. पण साडेतीन अब्ज वर्षं जुनी खोरी काय हलणारंय? तिथं परत परत फोटो काढून काय मिळणार? तिथं माझं म्हणणं उभंच आहे.

ढीगवाला
त्याला वरून खड्डे पाडणारा बसलाय की. २४ डिसेंबर २०२१ ला उल्का पडली, मंगळावर उतरलेल्या इनसाईट यानाच्या भूकंप मोजायच्या यंत्राला हादरा लागला, मग ऑर्बिटरच्या फोटोत १५० मीटरचं नवं कोरं विवर सापडलं, कडंनं पांढऱ्या बर्फाचे ढेकळं फेकलेले. फुकटचं बोअर.

मोंढानाका
आमच्या रानात पाडा म्हणावं एक

बेसॉल्टमास्तर, नांदेड
दुधनाकाठ भाऊ, एक विचारायचं राहिलं. तुमचा तो डाईक. रानाला उतार कुणीकडून कुणीकडं आहे, आणि बोअर भिंतीच्या कुठल्या अंगाला घेतला?

दुधनाकाठ
उतार उत्तरेकडून दक्षिणेकडं. बोअर दक्षिणेला, खालच्या अंगाला. का?

बेसॉल्टमास्तर, नांदेड
अहो जमिनीखालचं पाणी उतारानं येतं आणि भिंतीला अडतं, गावतळ्याच्या बांधाला अडतं तसं. साठणार ते वरच्या अंगाला. झाडं कुठल्या बाजूला हिरवी होती ते फोटोत परत नीट बघा.

दुधनाकाठ
थांबा बघतो.

दुधनाकाठ
उत्तरेला. सगळी उत्तरेलाच हायत.

बेसॉल्टमास्तर, नांदेड
मग फोटोनं बरोबर सांगितलं होतं. घ्या की उत्तरेला एक, पावणेदोनशे-दोनशे फुटात समजेल.

दुधनाकाठ
उत्तरेचं रान चुलत भावाचं हाय सर. बांधावरून आठ वर्षं झाली बोलणं नाही.