चांदी-तांब्याचा नॅनोकण: स्वभाव ठरवतो की हात?

मुसळधार, ऐरोली
परवा ठाण्यातल्या एका कॉलेजात प्रदर्शन पाहिलं. एका पोस्टरवर ठळक लिहिलेलं: 'नॅनो आकारात कुठलेही दोन धातू मिसळतात.' मला हे साफ अमान्य आहे.
सोनं-तांबं घ्या. अणूंच्या आकारात साधारण १२ टक्के फरक. चांदी-तांब्यातही जवळपास तेवढाच. ह्यूम-रॉथरीचा नियम सांगतो, अणूंच्या आकारात १५ टक्क्यांहून जास्त फरक असेल तर धातू नीट मिसळत नाहीत. त्यात दोन्ही जोड्या पास. तरी सोनं-तांबं एकजीव होतं आणि चांदी-तांबं ७७९ अंशांखाली घट्ट झालं की दुधासारखं फाटतं, दोन्ही वेगवेगळे होतात. एकाला परका शेजारी आवडतो, दुसऱ्याला आपलाच. कण लहान केल्याने हा स्वभाव जात नाही, उलट उघडा पडतो. २ नॅनोमीटरच्या (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) सोन्याच्या कणात जेमतेम अडीचशे अणू, त्यातले निम्म्याहून जास्त पृष्ठभागावर. अशा कणात चांदी-तांबं भरलं की चांदी बाहेर येते, कारण तिची पृष्ठऊर्जा, म्हणजे पृष्ठभाग उघडा ठेवायला लागणारी ऊर्जा, कमी आणि अणूही मोठा. तांबं आत जाऊन बसतं.

टाकणखार, जांभळी नाका
साहेब, स्वभाव ठीक, पण वेळ मिळाला तर ना! आमच्या सोनारकामात ९२५ चांदीत साडेसात टक्के तांबं असतं. तापवून लाली उतरताच पाण्यात टाकली तर मऊ राहते, तार सुखाने ओढता येते. तीच हवेत सावकाश गार होऊ दिली तर कडक होते, हातोडा उसळतो. धातू तेच, माप तेच. पाण्यात टाकलेल्या तुकड्यात तांब्याला सरकायला फुरसतच मिळाली नाही, एवढाच फरक.
२०१८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी एका कणात आठ धातू कोंबले, तेही असेच: क्षणभर २००० केल्विनच्या आसपास तापवून झटक्यात गार करून. पोस्टर लिहिणारा मुलगा फार चुकला नाही.

मुसळधार
टाकणखार, तुमचीच चांदी तीनशे अंशांवर थोडा वेळ ठेवून बघा, कडक होते की नाही? अडवलेला स्वभाव म्हणजे गेलेला स्वभाव नव्हे. शिवाय नॅनोकणात अणूला चालायचं अंतरच किती!

गाळणी, तुर्भे
दोघे भांडताय, पण कण खरंच मिसळलाय हे कळतं कसं, ते कोणी विचारलं? सोन्याच्या कणांचं पाणी लाल, ५२० नॅनोमीटरजवळ प्रकाश शोषणारं. चांदीचं पिवळं, ४०० जवळ. दोन बाटल्या नुसत्या एकत्र ओतल्या की प्रकाश-शोषणाच्या आलेखावर दोन उंचवटे. खरा मिश्रधातू असेल तर मधेच कुठेतरी एकच. रंग नारिंगी झाला म्हणून 'मिश्रधातू तयार' असं लिहून मोकळे होणारे अहवाल मी तपासलेत. चिडचिड होते.
आता मूळ मुद्दा. तिसरी गोष्ट तुम्ही दोघेही विसरलात: हवा. २००८ मध्ये ऱ्होडियम-पॅलेडियमचे कण चालू अभिक्रियेतच पाहिले गेले. नायट्रिक ऑक्साइड सोडला की ऱ्होडियम वर, म्हणजे पृष्ठभागावर, कार्बन मोनॉक्साइड मिसळला की पॅलेडियम वर. वायू बदलला की कण पुन्हा पालटतो. मग यातला स्वभाव कोणता, आणि हात कोणाचा?

टाकणखार
ताई, हे तर आम्ही रोज बघतो. चांदी उघड्यावर तापवली की तांबं काळं होऊन वर येतं, मग पातळ तेजाबात टाकायची. मुसळधार म्हणतात चांदी बाहेर यायला हवी. माझ्या भट्टीत ऐकतंय कोण!

मुसळधार
तुमच्या भट्टीत ऑक्सिजन तांब्याला बाहेर ओढतोय. वायूचं मानलं. पण तो काढून घेतला की कण परत जातो कुठे? स्वभावाकडेच ना?

गाळणी
वायू काढून घ्यायचा म्हणजे निर्वात. ऱ्होडियम-पॅलेडियम हेच दोन धातू पेट्रोल गाडीचा धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये असतात. घोडबंदरला सिग्नलवर अडकलेल्या गाडीत तुमचं निर्वात आणणार कुठून?