मदत हवी आहे: पाइपने डेटा दिला की सी प्रोग्रॅम कीबोर्डचं ऐकतच नाही

नमस्कार. बाबा लातूरच्या मोंढ्यात एका आडतीवर मुनीम आहेत. दसरा झाला की सोयाबीनची आवक वाढते, मग रात्री उशिरापर्यंत बसून हाताने पट्ट्या (शेतकऱ्याच्या मालाच्या हिशेबाचे कागद) लिहाव्या लागतात. त्यांच्यासाठी उबुंटूवर सीमध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिहायलोय. टेक्स्ट फाइलमध्ये एका शेतकऱ्याची एक ओळ: नाव, माल, कट्टे, वजन, भाव. ग्रेपने (हवा तो शब्द असलेल्या ओळी निवडणारी कमांड) सोयाबीनच्या ओळी काढायच्या आणि पाइपने (एका कमांडचं आउटपुट दुसरीला देणारी जोडणी) प्रोग्रॅमला द्यायच्या. तो हमाली-तोलाई वजा करून रक्कम दाखवतो आणि विचारतो, "पट्टी पक्की करू? हो/नाही".

परवा ११ ओळी दिल्या, पट्ट्या निघाल्या ६. तो उत्तरासाठी थांबलाच नाही. पाहिलं तर पहिली, तिसरी, पाचवी अशा एकाआड एक ओळींच्या पट्ट्या. मधल्या ५ जणांच्या ओळी त्याने 'उत्तर' समजून वाचल्या होत्या! "नाही" सोडून काहीही आलं तर हो धरायचं, असं मीच लिहिलं होतं. बाबांनी वहीशी ताडून पाहिलं म्हणून सापडलं. कुणाच्या हंगामाच्या मालाचा प्रश्न आहे, झोप उडाली माझी.

मग सगळ्या ओळी आधी वाचून घेतल्या आणि प्रश्न नंतर विचारले, चुकीचं उत्तर आलं तर पुन्हा विचार असं केलं. आता तोच प्रश्न स्क्रीनवर धो धो पळतो, कंट्रोल-सी दाबेपर्यंत. ओळ वाचणारं एफगेट्स दर वेळी नल (म्हणजे काहीच मिळालं नाही) देतं. एफफ्लश आणि क्लिअरएर ही दोन्ही फंक्शन्स स्टँडर्ड इनपुटवर (प्रोग्रॅममध्ये डेटा येतो त्या नेहमीच्या वाटेवर) वापरून पाहिली. फाइल एफओपनने उघडली तर सगळं नीट चालतं, पण तूर-हरभऱ्यालाही हाच प्रोग्रॅम लावायचाय, त्यामुळे पाइप हवाच. काय चुकायलंय?

प्रतिसाद:
दादा, पाइप लावला की शेल (तुमच्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम) तुमचा प्रोग्रॅम सुरू होण्याआधीच फाइल डिस्क्रिप्टर ०, म्हणजे स्टँडर्ड इनपुट, पाइपला जोडतं. तिथे कीबोर्ड उरतच नाही. ग्रेप संपलं की पाइपचं लिहायचं टोक बंद होतं, मग कितीही वाचा, ईओएफच (डेटा संपल्याची खूण). क्लिअरएर फक्त खूण पुसतं, डेटा कुठून आणणार? आणि इनपुटवर एफफ्लश केल्यास काय व्हावं हे सीचं स्टँडर्ड सांगतच नाही, ते काढून टाका.

ओळी स्टँडर्ड इनपुटवरून वाचा. उत्तरासाठी "/डेव्ह/टीटीवाय" (/dev/tty) वेगळं एफओपन करा, तो तुमचा टर्मिनल. नल आलं (क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप, चालवलं तर येईल) तर थेट थांबा, हो धरू नका. प्रश्न स्टँडर्ड एररवर (आउटपुटपेक्षा वेगळी, संदेशांची वाट) छापा, नाहीतर आउटपुट फाइलमध्ये वळवलं की प्रश्नही तिकडेच जाईल. पाइप आहे की कीबोर्ड, हे इझएटीटीवाय (isatty) फंक्शन सांगतं.

धागाकर्ता:
मनापासून आभार! दोन वेगवेगळे फाइल पॉइंटर केले. उत्तर वाचताना नल आलं तर पट्टी न काढता बाहेर पडतो. आज त्याच ११ ओळी दिल्या, ११ वेळा थांबला, ११ पट्ट्या. बाबा आत्ता वही घेऊन एकेक ओळ ताडायलेत, सातव्यापर्यंत जुळलंय.