हॅरिस-लुईसच्या पुळणी : तुम्ही काय पाहिलंत?

गेल्या जूनमध्ये बाबांना घेऊन हॅरिसला गेले, तेव्हापासून हा धागा काढायचं मनात आहे. स्कॉटलंडच्या वायव्येला आउटर हेब्रिडीज ही बेटांची माळ आहे, त्यातलं हे सगळ्यात मोठं बेट. बेट एकच, पण उत्तरेकडच्या भागाला लुईस म्हणतात आणि दक्षिणेकडच्या डोंगराळ भागाला हॅरिस. आम्ही स्काय बेटावरून फेरीने टार्बर्टला उतरलो, पावणेदोन तासांत. तिथून पश्चिम किनाऱ्याला लागलं की लस्केंटायर, सेलेबॉस्ट, स्कारिस्टा अशा एकापाठोपाठ एक पुळणी येत राहतात.

बाबा दिवेआगरचे. वाडी ओलांडली की समुद्र, असं त्यांचं घर. लस्केंटायरला गाडीतून उतरल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "आज तिथी कोणती गं?" पौर्णिमा होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे दुपारच्या सुमारास उधाणाचं पाणी काठाला लागलेलं हवं. आणि इथे दुपारी दीड वाजता समुद्र पार लांब गेलेला, मध्ये नुसती पांढरी वाळू. बाबा जरा वेळ गप्प उभे राहिले. मग म्हणाले, "इथलं घड्याळ वेगळं दिसतंय." पुढचे तीन दिवस ते त्या घड्याळामागे होते. सकाळी एक काठी रोवायची, पाणी तिला कधी लागतं ते पाहायचं, पाकिटावर वेळ लिहायची. रोज भरती पाऊण तास ते पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, तेवढं मात्र दोन्हीकडे सारखं निघालं.

त्यांच्यामुळे मला ती पुळण खरी दिसली. दीडला जिथे आम्ही चपला हातात घेऊन चाललो, तिथे संध्याकाळी सहाला गुडघाभर पाणी होतं आणि त्याचा रंग मोरपिशी. वाळू पांढरी आणि पाणी उथळ, म्हणून तो रंग उमटतो. ढग आला की तेच पाणी क्षणात शिसवी होतं. बाबांनी मूठभर वाळू तळहातावर घेऊन चोळली. शिंपल्यांचे कपचे, एक गुलाबी, एक निळसर, बाकी पिठूळ. "ही वाळू कसली, हा तर चुना," म्हणाले. आणि ते खरंच आहे, इथली वाळू बरीचशी शिंपल्यांच्याच भुग्याची.

समोर टारान्से बेट, मागे डोंगर, मैलभर पुळण आणि त्या दुपारी आम्हाला भेटलेली माणसं चार. इतका निवांत रिकामा किनारा आता आपल्याकडे उरला आहे का?

तुम्ही इथल्या कुठल्या पुळणीवर गेलात, पाणी कुठे होतं, किती वेळ थांबलात, सगळं लिहा. 'सर्वोत्तम दहा'ची यादी नको.

अ‍ॅबर्डीनहून

आम्ही दोघं आणि दोन मुली, वय वर्षं नऊ आणि सहा. आमचं मत हुशिनिशला. टार्बर्टच्या उत्तरेकडून एक एकपदरी रस्ता पश्चिमेला फुटतो आणि वळणं घेत घेत समुद्रापाशी संपतो. वाटेत एक वाडा लागतो, आणि रस्ता त्या वाड्याच्या अगदी दारासमोरून जातो. मुलींना वाटलं आम्ही कुणाच्या तरी अंगणात गाडी घातली. समोरून गाडी आली की बाजूच्या फुगवट्यात आपण थांबायचं, त्याने हात करायचा, आपणही करायचा. दुसऱ्या दिवशी मागच्या सीटवरून मुलीही हात करायला लागल्या.

हुशिनिशसमोर स्कार्प नावाचं बेट आहे. १९७१पर्यंत तिथे वस्ती होती. मधली खाडी चिंचोळी, पण वारं असलं की होडी निघायची नाही. म्हणून १९३४ साली एका जर्मन माणसाने इथे रॉकेटमधून टपाल पाठवायचा प्रयोग केला. रॉकेट उडायच्या आधीच फुटलं आणि पत्रं वाळूवर पसरली, कडा जळलेली. ही गोष्ट ऐकल्यावर मुलींनी ओल्या वाळूत काडीने पत्र लिहिलं, स्कार्पला. रात्री साडेदहाला सूर्य बुडाला तेव्हा पाणी पहिल्या ओळीपर्यंत आलं होतं. धाकटीला ते पत्र पोचलं असंच वाटतं, आणि आम्ही तिला तसंच वाटू दिलं आहे.

पाण्यात जायचं असेल तर मनाची तयारी ठेवा. जुलैतही पाणी तेराएक अंशांच्या पुढे फारसं जात नाही.

स्टोर्नोवेहून

मी इथे नोकरीला आहे, चौथं वर्ष चालू आहे. तुम्ही सगळे जूनचं लिहिताय, म्हणून मी जानेवारीचं लिहिते.

जानेवारीत नऊच्या सुमारास उजाडतं आणि चारच्या सुमारास दिवस संपतो. रात्रपाळी करून आले की मी झोपायच्या आधी टोल्स्टाला जाते, गाडीने अर्धा तास. लुईसच्या पूर्व किनाऱ्यावरची लांबलचक पुळण आहे, नाव ट्राय व्होर. गेलिक या इथल्या भाषेत 'व्होर' म्हणजे मोठी, आणि 'ट्राय' म्हणजे पुळण. पण ओहोटीलाही तोच शब्द. पाणी सरल्यावर उरते ती जागा. मला हा शब्द कळला तेव्हा फार आवडला, कारण हिवाळ्यात इथे खरोखर तसंच असतं. वादळाच्या दुसऱ्या दिवशी पुळण वेगळी असते. काल जिथे वाळूचा उंचवटा होता तिथे आज दगड, आणि शेवाळाचे कंबरभर ढीग. ते शेवाळ कुजतं त्याचा वास सगळ्यांना सोसत नाही. मला त्यात माशांचा बाजार उठल्यानंतरची मिरकरवाड्याची दुपार आठवते.

पुळणीपलीकडे एक काँक्रीटचा पूल आहे, त्याच्या पुढे रस्ताच नाही. लॉर्ड लेव्हरह्यूम या साबणाच्या कारखानदाराने १९१८ साली लुईस विकत घेतलं होतं, उत्तरेला रस्ता न्यायचा होता, तो झाला नाही. पूल तेवढा राहिला. मी पुलाच्या कठड्याशी थर्मासमधला चहा पिते आणि घरी येते.

रविवारचं एक सांगते. इथे, विशेषतः हॅरिसला, रविवार पाळतात. बहुतेक दुकानं, पेट्रोलपंप, खानावळी बंद. स्टोर्नोवेतून रविवारी पहिली फेरी सुटली ती २००९ साली, आणि तेव्हा लोकांना त्याचं दुःख झालं होतं. माझ्या शेजारच्या आजी रविवारी कपडेही दोरीवर घालत नाहीत. शनिवारीच शिधा आणि पेट्रोल भरून ठेवा आणि रविवारी पुळणीवर आवाज कमी ठेवा, एवढी विनंती.

लीड्सहून

थोडक्यात लिहितो, पण महत्त्वाचं आहे. पुळणीमागे जी गवताळ सपाटी असते तिला माखर म्हणतात. शिंपल्यांची वाळू वाऱ्याने आत उडून पीटच्या, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या, आंबट मातीवर पसरते, शतकानुशतकं, तेव्हा ती जमीन तयार होते. जून-जुलैत पिवळी, जांभळी, पांढरी फुलं इतकी की पाय कुठे ठेवावा कळत नाही. आम्ही मोटारहोम घेऊन गेलो होतो आणि संध्याकाळी जागा मिळेना म्हणून मी दहा-बारा फूट आत घातली. चाक रुतलं. काढताना गवताची सालपटं निघाली, खाली नुसती भुसभुशीत वाळू. ट्रॅक्टर घेऊन आलेले शेतकरीकाका रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, आता या जखमेतून वारा आत शिरेल. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर ती सालपटं परत दाबून बसवली. स्कॉटलंडमध्ये २००३च्या कायद्याने कुणालाही पायी हिंडायची, तंबू टाकायची मोकळीक आहे, गाडीला नाही. ठरलेल्या जागेवरच गाडी लावा.

पुण्याहून

माझा मुलगा बुद्धिबळ खेळतो, म्हणून आम्ही लुईसच्या पश्चिमेला ऊइगच्या पुळणीवर गेलो. १८३१च्या सुमारास इथल्या वाळूत मध्ययुगीन मोहऱ्यांचा साठा सापडला. वॉलरसच्या सुळ्यातून कोरलेल्या, बाराव्या शतकातल्या. त्यातल्या ८२ वस्तू लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आणि ११ एडिनबरोला, असं आम्ही वाचून गेलो होतो. सहा मोहरे स्टोर्नोवेच्या संग्रहालयात आहेत, ते आधी पाहिले. वजिराच्या जागी राणी आहे, आणि तिने एक हात गालावर ठेवलाय. मुलगा म्हणाला, "आई, हिला चेक बसलाय."

पुळणीवर एक मोठा लाकडी राजा उभा केला आहे. मुलाने त्याच्या पायाशी आपला छोटा पट मांडला. वारा इतका की प्यादी उडायला लागली, मग वाळूत थोडी थोडी रोवली. आम्ही तिथे पाच तास होतो. ओहोटीला ती खाडी इतकी मोकळी होते की पलीकडचा माणूस तिळाएवढा दिसतो. मधून ओढे वाहतात, जाताना घोट्याएवढे असलेले येताना पोटरीच्या वर आले होते. मुलाचा हात घट्ट धरून आले. परतीची वेळ आधी ठरवा, भरतीचं वेळापत्रक जवळ ठेवा.

एडिनबरोहून

कुणी बोस्टाचं लिहिलं नाही! ग्रेट बर्नेरा या छोट्या बेटावर आहे, आता पुलाने लुईसला जोडलेलं. १९९३च्या वादळात वाळू उडाली आणि खालून लोहयुगातली घरं वर आली. उत्खनन झाल्यावर ती परत वाळूने झाकली, शेजारी तसंच एक घर बांधून ठेवलंय. आणि पाण्यात एक घंटा आहे, भरती आली की लाटांनी वाजते. आम्ही तीन वाजता पोचलो तेव्हा मुकी होती. वाट पाहिली. पहिला टोल इतका हळू आला की आम्हाला भास वाटला.

दुबईहून

धागा हॅरिसचा आहे, तरी दक्षिणेच्या 'बारा' नावाच्या बेटाचं सांगू द्या. तिथे विमान पुळणीवर उतरतं, आणि तेही ओहोटीलाच. जगात नियमित विमानसेवा भरती-ओहोटीच्या पुळणीवर उतरते अशी हीच जागा. ग्लासगोहून छोटं ट्विन ऑटर येतं. उतरताना चाकांखालून दोन्हीकडे पाण्याचे फवारे उडाले आणि माझ्या सासूबाईंनी माझा दंड धरला तो टर्मिनलपर्यंत सोडला नाही. नंतर तासाभराने आम्ही कॉफी घेऊन बाहेर आलो, तर धावपट्टीवर दोन बायका वाकून खुब्यांसारखे शिंपले वेचत होत्या. वाऱ्याची दिशा दाखवणारी पिशवी खांबावर चढवलेली असेल तर पुळणीवर जायचं नाही, उतरवली की सगळ्यांना मोकळी.

इन्व्हर्नेसहून

धागाकर्तीने रिकामा किनारा म्हटलंय, त्यावर लिहायचं होतं. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. दुसऱ्या वेळी मी पूर्वेकडून चालत आलो.

हॅरिसची पूर्व बाजू म्हणजे निव्वळ खडक. पृथ्वीवरच्या फार जुन्या खडकांपैकी, तीन अब्ज वर्षांपर्यंतचा. मध्ये डबकी, हातभर माती कुठे सापडत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पश्चिमेच्या सुपीक माखरवरून माणसांना हुसकावलं, मेंढ्यांसाठी. काही कॅनडाला गेली, बाकीची या खडकात येऊन राहिली. अजून तिथे उतारावर त्यांच्या हातच्या शेतपट्ट्या दिसतात, अरुंद, फुगीर, खडकाच्या भेगेभेगेत बसवलेल्या. खांद्यावरून शेवाळ आणि माती वाहून आणायची, खडकावर पसरायची, त्यात बटाटे लावायचे. मी एक पट्टी पावलांनी मोजली. लांबी सोळा पावलं, रुंदी दीड.

आणि माणूस गेलं की पुरायला माती पुरायची नाही. म्हणून शव खांद्यावर घेऊन डोंगर चढून पलीकडे पश्चिमेला न्यायचे, जिथून त्यांना हाकललं त्याच वाळूत पुरायला. ती वाट अजून आहे, शवपेटीची वाट म्हणतात. वाटेत जागोजागी दगडांचे ढीग, खांदेकरी थांबायचे तिथले. मला रिकाम्या हाताने खिंडीपर्यंत दम लागला. खिंडीच्या माथ्यावर आलं की एकदम खाली सेलेबॉस्ट आणि लस्केंटायर दिसतं, पांढरं आणि मोरपिशी. तुम्ही गाडीतून पाहिलंत तेच. मी तिथे बराच वेळ बसलो, फोटो काढावासा वाटला नाही. लस्केंटायरला गाडीतळाकडे जाताना जी दफनभूमी लागते, तिच्यातून मग शांतपणे चालत गेलो.

तिथल्या काही जमिनी विसाव्या शतकात पुन्हा छोट्या शेतकऱ्यांना मिळाल्या, आणि २०१०मध्ये पश्चिम हॅरिसची जमीन गावकऱ्यांच्या ट्रस्टने विकत घेतली. पुळणीशी नवी घरं दिसतील, खिडकीत दिवा दिसेल, दृश्य बिघडलं असं कृपया म्हणू नका.

धागाकर्ती

इन्व्हर्नेसकरांचं काल रात्री बाबांना फोनवर वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं. त्या दफनभूमीच्या भिंतीला टेकूनच बाबा भरतीच्या वेळा लिहीत होते, ती कुणाची ते आम्हाला माहीत नव्हतं. मग त्यांनी आमच्या कातळावरच्या मळ्याचं सांगितलं, आजोबांनी टोपलीने माती वाहून केलेल्या. त्या सोळा पावलांच्या पट्टीचा फोटो असेल तर पाठवाल का? पुढच्या जूनमध्ये पूर्वेकडून चालायचं म्हणतायत. वय चौऱ्याहत्तर, गुडघा एक बरा आहे. वाट किती चढाची आहे, मध्ये बसायला कुठे मिळेल, ते तेवढं नीट लिहा.