घरच्या गुलाबाचं सिरप: वास गेला, रंग गेला, बूच पण उडालं

गच्चीवरची
मंडळी जरा मदत हवीये. गच्चीवर गावठी गुलाबाची तीन झाडं आहेत, फिकट गुलाबी, पातळ पाकळ्यांचा, पण वास असा की जिना चढतानाच कळतं आज फुललाय म्हणून. यंदा बहर इतका आला की देवाला वाहून, गुलकंदाची बरणी भरून वर फुलं उरली, म्हटलं सिरप करून ठेवू, उन्हाळ्यात दुधात नि सोड्यात घालायला होईल. एका व्हिडिओत बघून चार वाट्या पाकळ्या चार वाट्या पाण्यात २० मिनिटं खळखळून उकळल्या, गाळलं, जेवढं पाणी तेवढीच साखर घातली. घरभर काय सुंदर वास सुटला होता! आणि बाटलीत? चहाच्या रंगाचं गोड पाणी, वास उकडलेल्या पालेभाजीचा. सासूबाई म्हणाल्या काढा छान झालाय. दुसरी बाटली ओट्यावरच राहिली होती, ती दहा दिवसांनी उघडली तर फस्सकन बूचच उडालं. एवढी साखर असून आंबतं कसं? पातेलं ॲल्युमिनियमचं होतं आणि पाणी बोअरचं, त्याचा काही संबंध असेल तर तेही सांगा. आणि प्लीज, इसेन्स घाला हे उत्तर नको, तो दुकानात मलाही मिळतो.

खादाड_बोका
घरभर वास सुटला म्हणताय ना, मग तो बाटलीत कुठून येणार, गेला की खिडकीतून 😄 शेजाऱ्यांनी फुकटात घेतला.

वरवंटा
बोका चेष्टा करतोय पण खरं तेच आहे. गुलाब उकळायचा नसतो गं. मी १५-१६ वर्षं करतेय, माझी पद्धत सांगते. फुलं सकाळी ऊन चढायच्या आत तोडायची, दव वाळलं की लगेच. पाकळीच्या बुडाला पांढरा भाग असतो तो कात्रीने उडवायचा, कडवटपणा त्यातूनच येतो (कंटाळवाणं काम आहे, नातवंडांना बसवायचं). १०० ग्रॅम पाकळ्या असतील तर त्यात चार-पाच चमचे साखर नि एका लिंबाचा रस घालून हाताने चुरडायच्या, अगदी कणीक मळल्यासारख्या. दोन मिनिटांत पाकळ्या मलूल होऊन गडद गुलाबी रस सुटतो, बघायलाच मजा येते. मग अर्धा लिटर पाणी उकळून गॅस बंद करायचा, पाच-सात मिनिटं थांबायचं, ते त्यावर ओतायचं आणि घट्ट झाकण. रात्रभर तसंच. झाकण सारखं उघडून वास घ्यायचा नाही!! सकाळी मलमलच्या फडक्यातून पिळून घ्यायचं, साखर घालायची आणि मंद आचेवर फक्त विरघळेपर्यंत ठेवायचं, कड आणायचा नाही. पाक एकतारी करायच्या भानगडीत पडू नकोस, गुलाबजाम करत नाहीयोस.

गावठी गुलाबाचा रंग तसाही फिका येतो, मी पाकळ्यांबरोबर बीटची एक पातळ चकती टाकते, चव लागत नाही. पण हे सगळं वासाच्या गुलाबाचं. बुकेतल्या लांब दांड्याच्या गुलाबाला मुळात वासच नसतो, वर फवारणी किती झालीय देव जाणे, तो अजिबात वापरू नका कोणी.

केमिकल_लोचा
रंगाचं मी सांगतो. गुलाब, जास्वंद, गोकर्ण या सगळ्यांचा रंग एकाच घराण्यातला, अँथोसायनिन. आंबटात तो लाल-गुलाबी होतो, आंबटपणा गेला की निळसर मळकट, आणि फार वेळ उकळला तर तपकिरीच. बोअरचं पाणी जड असतं, त्यातल्या क्षारांनी लिंबाचा आंबटपणा मारला जातो, आणि ॲल्युमिनियमनेही हा रंग काळपट निळ्याकडे जातो. म्हणजे तुम्ही तिन्ही बाजूंनी घेरलात बिचाऱ्याला. स्टील किंवा काचेचं भांडं घ्या, फिल्टरचं पाणी घ्या. विश्वास नसेल तर गोकर्णाची चार फुलं गरम पाण्यात टाकून वर लिंबू पिळा, निळ्याचं जांभळं होताना दिसेल (त्याला वास मात्र शून्य, फक्त शोभेला).

आता बूच. तुम्ही वाटीने मोजलंत, आणि वाटीभर साखर वाटीभर पाण्यापेक्षा वजनाला हलकी असते, म्हणजे तुमच्या सिरपात निम्मीसुद्धा साखर नव्हती. एवढ्या पातळ पाकात यीस्टची चंगळ. बाहेर टिकवायचं तर वजनाने पाण्याच्या दुप्पट साखर हवी, म्हणजे १०० ग्रॅम सिरपात ६५ ग्रॅमच्या आसपास. त्याहून फार वर नेलं की तळाशी खडे धरतात. बाटली नि बूच उकळत्या पाण्यातून काढून पूर्ण कोरडं करा, एक थेंब पाणी राहिलं तरी वरच्या थरावर बुरशी येते. आणि तो फसफसलेला प्रकार फेकून द्या, चाखून बघू नका.

गच्चीवरची
बापरे, म्हणजे मी एकही चूक करायची सोडली नाही 🙈 वरवंटाताई, एक शंका. लिंबू घातलेलं सिरप दुधात चालतं का? आमच्याकडे पिणारे सगळे दूधवाले आहेत.

वरवंटा
नाही चालत, फाटतं. थंडगार दुधात चमचाभर कदाचित खपेल पण भरवसा नाही. दुधाची बाटली वेगळी कर, बिनलिंबाची, रंगाला बीट आहेच. ती मात्र फ्रीजमध्ये ठेव आणि महिनाभरात संपव.

थेम्सकाठची
इंग्लंडमधून लिहितेय. इथे मे अखेर ते जून एल्डरची झुडपं फुलतात, पांढऱ्या बारीक फुलांचे चपटे झुबके, रस्त्याकडेला कुठेही. त्याचं सिरप इथे घरोघरी करतात, ते बघूनच मी शिकले. साधारण २५ झुबके, लिटरभर पाण्यात दीड किलो साखर विरघळवून घेतलेली, दोन लिंबांच्या चकत्या, ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, झाकून २४ तास, गाळलं की झालं. दोन गोष्टी सांगते. फुलं धुवायची नाहीत, फक्त झटकून किडे काढायचे, कारण वास परागात असतो (माझ्या आईला व्हिडिओ कॉलवर हे बघून घेरी आली होती). आणि हिरवे देठ जमेल तेवढे काढायचे, पानं-देठ कच्चे पोटात जाणं चांगलं नाही. सोड्यात फार छान लागतं, पण खरं सांगू का, वाळ्याच्या सरबताची सर नाही.

सांजवेळ
मोगऱ्याचं कोणीच कसं काढलं नाही? त्याला तर गरम पाणीसुद्धा लावायचं नाही. मोगरा तोडल्यावरही रात्रभर वास सोडत राहतो, म्हणून तर माठात टाकायची पद्धत. साखरेचा पाक करून पूर्ण गार करा, संध्याकाळी उमलायच्या बेतातल्या कळ्या त्यावर तरंगत सोडा, झाकण लावा, सकाळी सहाला काढून टाका. आठ-नऊ वाजले की कळ्या तपकिरी पडतात नि पाकाला गवताचा वास येतो. वास कमी वाटला तर दुसऱ्या रात्री ताज्या कळ्या. फुलं घरच्या झाडाचीच घ्या, गजऱ्याची नकोत. आणि हौसेच्या भरात बागेतलं दिसेल ते फूल पातेल्यात टाकू नका, कण्हेर नि बिट्टी दोन्ही विषारी आहेत, दिसायला कितीही गोड असोत.

गच्चीवरची
अपडेट! काल रात्री ४० ग्रॅमच पाकळ्या निघाल्या, तेवढ्याचंच केलं, स्टीलच्या डब्यात. लिंबू पडल्यावर रंग असा काही उमटला की मी नवऱ्याला झोपेतून उठवून दाखवला, तो म्हणाला छान आहे आता लाइट बंद कर. सकाळी गाळून साखर घातली, एकच लहान बाटली भरली, वास अगदी फुलासारखा, भाजी-बिजी काही नाही. सासूबाईंनी वाटीत घेऊन चाटून बघितलं आणि विचारलं, मग आधीचा तो काढा संपला का?