शब्द एकच, ताटातले वेगळेच : ब्रिटिश पदार्थ आणि अमेरिकी पाहुणे

लीड्सहून : आमच्या कार्यालयात अमेरिकी सहकारी नेहमी येतात. ‘टोड इन द होल’ किंवा ‘बबल अँड स्क्वीक’ ही नावे ऐकून ते चक्रावतात खरे. परंतु नाव चमत्कारिक असल्यामुळे निदान चौकशी करतात, आणि पहिल्यात बेडूक नसून पिठाच्या मिश्रणात भाजलेले सॉसेज असतात, तर दुसरा म्हणजे उरलेला बटाटा व कोबी यांचा परतलेला लगदा, हे त्यांना कळते. फसगत होते ती दोन्हीकडे रुळलेल्या साध्या शब्दांनी, कारण तेथे विचारावे असे कोणालाच वाटत नाही. माझ्या मते यात ‘पुडिंग’चा पहिला क्रमांक लागावा. अमेरिकेत पुडिंग म्हणजे दुधाचा मऊ, गोड पदार्थ. येथे जेवणानंतरच्या कोणत्याही गोडाला पुडिंग म्हणतात, आणि तरीही यॉर्कशर पुडिंग (भाजलेल्या मांसाबरोबर खायचा पिठाचा फुगीर पदार्थ) गोड नसते व ब्लॅक पुडिंगमध्ये चक्क डुकराचे रक्त असते. एका पाहुण्याने रविवारच्या भोजनात यॉर्कशर पुडिंग ‘शेवटी खाईन’ म्हणून बाजूला ठेवले. शेवट आला तेव्हा ते पार चिवट झाले होते. आपलेही अनुभव लिहावेत.

मँचेस्टरहून : उत्तर इंग्लंडमध्ये अनेक घरांत संध्याकाळच्या जेवणालाच ‘टी’ म्हणतात. माझ्या अमेरिकी सहाध्यायाला घरमालकीणबाईंनी साडेपाचला ‘टी’साठी बोलावले. चहा-बिस्किटे घेऊन निघू, या हिशेबाने त्याने रात्री बाहेर जेवायचे ठरवून ठेवले होते; समोर आले खिमा आणि बटाट्याचे भरगच्च शेफर्ड्स पाय. ‘हाय टी’ हा शब्दही अमेरिकी मंडळी खानदानी थाटाचा समजतात. वस्तुतः ते कामावरून परतलेल्या कष्टकऱ्यांचे पोटभर जेवण. नाजूक सँडविचे असतात ती ‘आफ्टरनून टी’मध्ये.

ब्रिस्टलहून : सायडर. येथे ते मद्य आहे. अमेरिकेत ‘हार्ड’ हे विशेषण नसेल, तर बहुधा सफरचंदाचा न गाळलेला रस. मुलासाठी ते मागवणाऱ्या एका पर्यटक बाईंना पबमधील माणसाने वेळीच सावध केल्याचे मी पाहिले आहे.

न्यू जर्सीहून : बिस्किटाच्या बाबतीत आपण मराठी माणसे ब्रिटिशांच्या बाजूची, येथील बिस्किट मऊ, फुगलेले असते आणि दक्षिणेकडे त्यावर ग्रेव्हीही ओततात. बटाट्याच्या कुरकुरीत कापांना मात्र ब्रिटिश ‘क्रिस्प्स’ म्हणतात, अमेरिकी ‘चिप्स’, आणि आपले ‘वेफर्स’ दोघांनाही कळत नाहीत.

एडिंबरोहून : नाताळातील ‘मिन्स पाय’ माझ्या शाकाहारी अमेरिकी मैत्रिणीने ‘यात खिमा असणार’ म्हणून नाकारला. सारणात होते मनुके, सफरचंद आणि मसाले. पूर्वी त्यात खरोखर मांस घालत. तिचा अंदाज चुकला, पण नकार योग्यच ठरला, कारण पारंपरिक सारणात ‘सुएट’, म्हणजे गुरांच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी, असते. ‘स्पॉटेड डिक’ या वाफवलेल्या पुडिंगमध्येही तीच. त्या नावावर हसणाऱ्यांनी त्यातील घटकही वाचावेत; वनस्पतिजन्य सुएट मिळते, मात्र वेष्टनावर तसे पाहून घ्यावे लागते.

लंडनहून : जुन्या वळणाच्या करी हाउसमध्ये ‘बॉम्बे डक’ वाचून अमेरिकी पाहुण्यांनी बदक येईल अशी अपेक्षा केली होती. आला सुका बोंबील. माझ्यासाठी दुसरी बशी मागवावी लागली.